बारा जिंकलेल्या डावांचा जबाब

रविवार, १४ जुलै २०२४

प्रिय लोरेन,

तू खुशाल असशील असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? कपड्यांची टोपली घेऊन तळघराचा जिना उतरू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी तू उतरतच असशील. मी ठीक आहे. बंद पडलेल्या बेकरीवरची ही खोली उन्हाळ्यात तापते, पण पंखा आहे. शाळांना सुट्टी, त्यामुळे सगळ्या बस गॅरेजात एकदम खोलून ठेवल्यात आणि मी दिवसभर त्यांच्या पोटाखाली. परवा चर्चच्या जत्रेत बटाटा भरलेली पिरोगी तळायला उभा राहिलो होतो. हात थोडा भाजला. बाकी तक्रार नाही.

फोन न करता लिहितोय, कारण तूच तसं सांगितलंस. "फोनवर तू खोटं फार सफाईनं बोलतोस, जेरी. लिहिताना निदान अडखळशील." अगदी बरोबर. हे पान तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

पहिली गोष्ट म्हणजे आभार. मे महिन्यातल्या त्या शनिवारी तू पाकीट घेऊन इथे आलीस, त्याबद्दल. कर खात्याचं पत्र तुझ्या घरी आलं होतं, वर आपली दोघांची नावं होती. ते उचलून सरळ वकिलाकडे गेली असतीस तर तुला कोणी नावं ठेवली नसती. माझ्या दारात उभी राहून तू म्हणालीस, "जेरार्ड," पूर्ण नावाने. "जेरार्ड, दोन हजार बावीस साली आपण साडेसदतीस हजार डॉलर जिंकलो म्हणे. सरकार विचारतंय ते कुठे दाखवले नाहीत म्हणून. मला जरा सांग, तेव्हा मी कुठे होते?"

मी म्हणालो, "त्यांची काहीतरी चूक झाली असेल."

"बरं," तू म्हणालीस. "मग मी खाली गाडीत बसते. दहा मिनिटांनी वर येईन. तेव्हा दुसरं उत्तर दे."

आणि खरंच गेलीस. ती दहा मिनिटं मी खिडकीतून तुझ्या गाडीचं छप्पर बघत होतो. मग तू वर आलीस आणि मी दुसरं उत्तर दिलं. फोनवरची स्लॉट मशीनं. दीड वर्ष. बोट फिरवायचं, चित्रं गरगरायची, थांबायची. एका फटक्यात बाराशे डॉलरांच्या वर मिळाले की कंपनी सरकारला कळवते, आणि असं बारा वेळा झालं होतं. मी हरलो किती वेळा, ते मात्र कोणी कोणाला कळवत नाही. तुझा चेहरा मला आठवतो. तू रागावली नव्हतीस, तू मनातल्या मनात काहीतरी जुळवत होतीस. शेवटी एवढंच विचारलंस, "मग ते पैसे आहेत कुठे?" आणि मी म्हणालो, "त्याच मशीनमध्ये."

उत्तर द्यायला तीस दिवस होते. मुदत वाढवून घेण्यासाठी तू दवाखान्यातल्या तुझ्या टेबलावरून, सँडविच खात, एक तास चाळीस मिनिटं कर खात्याच्या फोनवर ताटकळलीस. हे मला तू सांगितलं नाहीस, पाल्मिसानोबाईंनी सांगितलं.

त्या बाईंकडे तू मला नेलंस, त्याचे आभार कसे मानू कळत नाही. एक्याऐंशी वर्षांच्या, कानात यंत्र, गळ्यात साखळीचा चष्मा. आपल्या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांचे कराचे कागद त्यांनी आयुष्यभर केले, आणि आता दर बुधवारी ग्रंथालयाच्या तळघरात फुकट करतात. माझ्याकडे न बघताच त्यांनी तुला विचारलं, "हा तो?"

"हा तो," तू म्हणालीस.

"बस रे. हे बघ, जिंकलास किती ते सरकारला कळलंय. हरलास किती ते तुला सांगावं लागेल, तारखेनिशी. आणि हरलेलं वजा केलं तरी कर शून्य होणार नाही. आधीच सांगते, नंतर माझ्यावर ओरडायचं नाही. मला ऐकू येत नाही, त्यामुळे उपयोगही नाही."

चार बुधवार आपण तिघं बसलो. मी कंपनीच्या यादीतून तारीख वाचायची, तू बँकेच्या कागदावर पट्टी ठेवून ती रक्कम शोधायचीस, बाई लिहून घ्यायच्या. तुझ्या पद्धतीने प्रत्येक महिना वेगळ्या पाकिटात होता म्हणून जमलं. माझ्याकडे तर एकही कागद नव्हता. सतरा मेला पोचलो तेव्हा मी थांबलो. सकाळी नऊ ते दुपारी एक, अकरा वेळा पैसे भरलेले. तुझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन त्या दिवशी होतं. तू आत होतीस आणि मी बाहेरच्या खुर्चीवर. मला वाटलं, आता ही उठून जाणार. गेली असतीस तर योग्यच झालं असतं. तू पट्टी हलवली नाहीस. म्हणालीस, "वाच पुढे."

लोरेन, माझ्यासाठी आजवर कोणी जे जे केलं असेल, त्यात या दोन शब्दांइतकं मोठं काही नाही.

कर खात्याने आपला जबाब मान्य केला, हे तुला कळलंच असेल. देणं आठ हजारांवरून सव्वीसशेवर आलं. मी दरमहा थोडे थोडे भरीन, तशी सोय आहे.

आता दुसरी गोष्ट, विनंती. त्या वर्षीचा कर आपण एकत्र भरला होता. मला घराबाहेर काढल्यावरसुद्धा तू माझ्या शब्दावर सही केलीस. त्यामुळे मी चुकलो तर ते तुझ्याकडे वसुलीला येऊ शकतात. बाई म्हणतात, यासाठी एक अर्ज असतो. जोडीदाराने काय केलं हे माहीत नसलेल्या माणसाला मोकळं करतात. तो भर. तुला एका पैशाचीही झळ नको. माझ्याकडून कसलाही अडथळा येणार नाही.

खेळणं मी कधीचंच सोडलंय. मंगळवारी चर्चच्या तळघरात आमच्यासारख्यांची बैठक असते, तिथे जातो. आपल्यात बाकी जे झालं त्याबद्दल आता काही बोलत नाही. तो विषय वेगळा, कराचा विषय वेगळा.

मोनिकाशी बोलणं झालं तर बाबाने विचारलं म्हणून सांग. तिला नको असेल तर नको सांगूस.

तुझा फार फार ऋणी,
जेरी

*

मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४

जेरी,

पत्र मिळालं. गुडघा आहे तसाच आहे. टोपली मी जिन्यावरून ढकलून देते आणि मग मोकळ्या हाताने उतरते, तेव्हा काळजी नको.

आभार पोचले. जास्त मानू नकोस. मी ते तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. पाकिटावर माझंही नाव होतं.

अर्ज आणला. सात पानी आहे. तीन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून आहे आणि मी त्याच्या बाजूला बसून जेवते. त्यात विचारलंय, या पैशांतून तुम्हाला काही लाभ झाला का? आता काय लिहू सांग. बावीसच्या एप्रिलमध्ये आपण समुद्रकाठच्या केप मे गावाला चार दिवस गेलो. समुद्रासमोरची खोली, दोन्ही वेळ खेकडे, तू मला ती हिरवी शाल घेऊन दिलीस. तू म्हणालास, युनियनने जुनी थकबाकी मिळवून दिली. आता मला तारखा जुळतात, मूर्ख नाही मी. फेब्रुवारीत तुझा सगळ्यात मोठा डाव लागला होता. मी ते खेकडे खाल्लेत, जेरी. इतकी वर्षं मी मनात म्हणत होते की बाकी काहीही असो, ते चार दिवस चांगले होते. आता मी कुठल्या तोंडाने लिहू की माझा काही संबंध नाही?

पाल्मिसानोबाई म्हणाल्या, "अगं, त्यांनी खेकड्यांबद्दल नाही विचारलेलं. तुला माहीत होतं का, एवढं विचारलंय. माहीत नव्हतं ना? मग तसं लिही आणि सही कर, मला घरी जाऊन गोळ्या घ्यायच्यात." त्यांचं म्हणणं पटतं. तरी मन घेत नाही.

दुसरं. नवव्या प्रश्नात लग्न का मोडलं आणि त्या काळात घरात काय परिस्थिती होती ते लिहायचंय. मी खरं तेच लिहिलं. नवऱ्याचे स्क्रँटनमधल्या डेनिस नावाच्या बाईशी संबंध होते, त्याने ते स्वतः कबूल केलं, त्यामुळे तो फोन लपवायचा, बाहेर असायचा, आणि मला पैशांचा संशय कधी आलाच नाही. आडनाव माहीत नाही म्हणून लिहिलं नाही. हे लिहायला मला मजा आली असं समजू नकोस.

बाई सांगतात की माझा अर्ज गेल्यावर ते तुलाही प्रश्नांचा कागद पाठवतील, आणि दोघांची उत्तरं ताडून बघतील. दोघांनाही खरं लिहिल्याची शपथ आहे, खोटं निघालं तर गुन्हा. म्हणून आधीच कळवते. तुझ्या उत्तरात त्या बाईला झाकायला जाऊ नकोस. तिच्या अब्रूपायी मी अडचणीत यायला नको.

अर्ज सोमवारी पोस्टात टाकणार आहे.

लोरेन

*

शनिवार, १० ऑगस्ट २०२४

लोरेन,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. गाडीने येऊन तुझ्या पेटीत टाकतो आणि परत जातो. दार वाजवणार नाही. सोमवारच्या आत तू वाचायला हवंस. अर्ज अजून पाठवू नकोस. निदान ते नववं उत्तर असेल तर पाठवू नकोस.

डेनिस नावाची बाई नाही. नव्हतीच.

वर एवढं लिहून मी खाली जाऊन चक्कर मारून आलो. आता बसतो आणि सगळं लिहितो.

बावीसच्या नोव्हेंबरमधला शनिवार. सुपरमार्केटच्या बाहेर मी गाडीत बसलो होतो. तुला सांगून आलो होतो की दूध आणतो, आणि तास होऊन गेला होता. तू चालत आलीस आणि काचेवर टकटक केलीस. मी फोन उलटा करून मांडीखाली सारला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण तू ते बघितलंस आणि विचारलंस, "कोण आहे ती?"

लोरेन, मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो, कारण हेच मी दोन वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या निवृत्तीच्या पैशांतले एकोणीस हजार तोपर्यंत गेले होते. त्या आठवड्यात घराच्या कर्जाचा हप्ता चुकला होता. रोज मी विचार करत होतो की ही कधीतरी विचारणार, आणि मी काय सांगणार. आणि तू विचारलंस तो प्रश्न भलताच. मी आधी म्हणालो, "कोणी नाही." तू म्हणालीस, "नाव सांग." समोर बसच्या ब्रेकच्या भागांची पावती पडली होती, खाली माल पोचवणाऱ्या कोणाची तरी सही होती. मी ती वाचली. डेनिस. मी त्या बाईला कधी बघितलेलंसुद्धा नाही.

मला वाटलं, दुसऱ्या बाईच्या नादी लागलेला माणूस जगात असतो, लोक त्याला शिव्या देतात, पण तो काय आहे ते त्यांना कळतं. अट्ठावन्न वर्षांचा माणूस गाडीत बसून फोनमधल्या मशीनवरचे धावते गवे बघतो आणि त्यापायी घर घालवतो, हे मी तुला कुठल्या शब्दांत सांगणार होतो? तू माझा तिरस्कार केलास तर चालणार होतं. तू मला हसली असतीस, किंवा त्याहून वाईट म्हणजे माझी कीव केली असतीस, ते नको होतं.

आणि मग एकदा खोटं बोलल्यावर मी ते वाढवत गेलो. ती टायरच्या दुकानात हिशेब लिहिते, तिचा घटस्फोट झालाय, तिला मूल नाही. तू स्वयंपाकघरात रडत होतीस आणि मी तिचे केस कुठल्या रंगाचे ते ठरवत होतो. तू विचारलंस, "ती तुला काय देते, जे मी देत नाही?" मी म्हणालो, "तिच्याजवळ माझं डोकं शांत होतं." तेवढं एक वाक्य खरं होतं. फक्त ती कोणी बाई नव्हती.

तू स्वतःकडे आरशात बघायला लागलीस. मी ते बघितलं. त्या हिवाळ्यात तू जेवण कमी केलंस, केस रंगवलेस, आणि मी बघूनही गप्प राहिलो. मोनिका ओहायोहून आली, तिने तुला मिठी मारली आणि मला म्हणाली, "बाबा, तुझं तोंड बघायची इच्छा नाही." त्यानंतर तिने खरंच बघितलं नाही. तेव्हासुद्धा बोलता आलं असतं.

आणखी एक. गेल्या पत्रात मी लिहिलं की खेळणं कधीचंच सोडलं. ते खोटं. तू पाकीट घेऊन आलीस त्या दिवशी सकाळी मी ऐंशी डॉलर घालवले होते. तुझ्या गाडीचं छप्पर बघत उभा होतो ना, तेव्हा फोन खिशात गरम होता. त्यानंतर मात्र नाही. आज एक्याण्णव दिवस झाले. आता माझ्याकडे घडीचा साधा फोन आहे, त्यावर फक्त बोलता येतं. बैठकीतल्या माणसाने घेऊन दिला. पुढचं मी सांगू शकत नाही, पण एक्याण्णव खरे आहेत.

केप मेबद्दल. ते पैसे त्या फेब्रुवारीतल्या डावाचेच होते. बस नंबर चौदाच्या खाली आडवा पडून जेवणाच्या सुट्टीत खेळलो होतो. युनियनची थकबाकी मी रचली. तेव्हा तू लिही की तुझ्या माहितीप्रमाणे ते नवऱ्याच्या घामाचे पैसे होते, कारण तुझ्या माहितीप्रमाणे ते तसेच होते. खेकडे तू प्रामाणिकपणे खाल्लेस. ते चार दिवस माझ्यासाठीही चांगले होते, आणि त्यात मी एकदाही फोन उघडला नाही. हे पटवायला माझ्याकडे काही नाही. पण त्या कंपनीच्या यादीत तुला दिसेल, एप्रिलच्या चौदा ते सतरा तारखेला काही नाही. बुधवारी बाईंपुढे बसून तूच तिथे पट्टी सरकवली होतीस.

मला कागद आला की मी हेच सगळं त्यात लिहिणार आहे. तिला माहीत नव्हतं. तिला कळू नये म्हणून मी दुसऱ्या बाईची गोष्ट रचली. सगळा कर माझा, एकट्याचा. हे तू सरकारी कागदावर वाचण्याआधी माझ्याकडून वाचावंस, म्हणून आज धावत आलोय.

आता तुला वाटेल, या पत्रात आभार कशाचे. बैठकीत मी एकदा म्हणालो की मला खरं सांगायला कोणी कधी सवडच दिली नाही. समोरचा म्हातारा म्हणाला, "कोणीच नाही?" मी घरी आलो आणि आठवत बसलो. तू दिली होतीस. दहा मिनिटं, खाली गाडीत बसून. त्यात मी अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं सांगायला मला तीन महिने लागले, आणि तू अर्जात ते खोटं तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनिशी लिहायला निघालीस तेव्हा कुठे तोंड उघडलं. तुझ्या सचोटीने मला कोपऱ्यात गाठलं. त्याबद्दल आभार. मनापासून.

मी माफी मागत नाही, कारण मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल. तू उत्तर द्यायला बांधलेली नाहीस.

सरकारी कागदावर करतो तीच सही इथे करतो,
जेरार्ड मायकल हुडॉक

*

रविवार, २७ एप्रिल २०२५

जेरी,

आठ महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं माझ्याकडे जे होतं ते पोस्टमनच्या हातात देण्यालायक नव्हतं.

त्या शनिवारी तुझं पत्र पेटीत पडल्याचा आवाज मी ऐकला. पडद्याआडून तुझी गाडी जाताना बघितली. वाचलं. मग मी स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या, किती वेळ ते आठवत नाही. पहिला विचार काय आला सांगू? ती बाई नव्हती हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला तिची उणीव भासली. पावणेदोन वर्षं मी तिला रोज शिव्या घालत होते. तिला नागीण व्हावी म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं, चर्चमध्ये, गुडघ्यावर बसून. आता तो सगळा राग घेऊन मी कुठे जाऊ?

आणि तुला माहीत नाही ते सांगते. माझे केस एकोणीस वर्षं डेनिस कोवालचिक कापायची. तू स्क्रँटनची म्हणालास, टायरचं दुकान म्हणालास, तरी मला वाटलं, खोटं बोलत असेल, हीच असणार. मी तिच्याकडे जाणं बंद केलं. ती फुलांच्या दुकानात समोर आली तेव्हा मी तोंड फिरवलं. दोन वर्षं! ईस्टरच्या आधी मी अक्रोडाचा रोल भाजला आणि तिच्या दुकानात गेले. सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर, कारण तिने केस वाळवायची यंत्रं बंद करायला लावली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जेरी हुडॉक? माझ्याबरोबर? लोरेन, निदान माझी लायकी तरी बघायची होतीस!" मग ती हसायला लागली, मीही हसले, आणि मग मला रडू आलं ते थांबेना. तिने मला खुर्चीत बसवलं आणि पैसे न घेता केस कापले. म्हणाली, "मागचं कोणी कापलंय गं? खाटीक आहे का तो?"

आता मुद्द्याचं. अर्ज मी नववं उत्तर बदलून पाठवला होता. काल निकाल आला. मला पूर्ण मोकळं केलंय. आता माझं एका पैशाचंही देणं नाही. पाल्मिसानोबाईंना दाखवला, तर त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाल्या, "पन्नास वर्षांत मी पुष्कळ नवरे बघितले. दुसऱ्याचं नाव कागदावरून खोडून स्वतःचं गडद करणारा हा पहिला. अर्थात करामती पण त्यानेच केल्या होत्या." हे तुला सांगावं की नाही यावर मी विचार केला. सांगावं असं ठरवलं.

तू तुझ्या उत्तरांची जी प्रत मला पाठवलीस ती मी वाचली. पान तीनवर तू लिहिलंयस, "माझ्या पत्नीने मला कधीही विचारायचं टाळलं नाही. मीच चुकीच्या प्रश्नाला उत्तर देत राहिलो." ते वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की त्या लग्नात मी वेडी नव्हते. मला वाटायचं, एवढी वर्षं एका माणसाबरोबर राहून आपल्याला काहीच कसं दिसलं नाही. दिसत होतं. मी काचेवर टकटक केली होती. हे तू शपथेवर लिहून दिलंस, आणि ते मला सव्वीसशे डॉलरांपेक्षा फार मोलाचं आहे. त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. हे शब्द लिहायला आठ महिने लागले, तेव्हा नीट वाच.

मी परत येणार नाही. तू विचारलं नाहीस, हे चांगलं केलंस. मला आता एकटीने जेवायची सवय झालीय आणि ती मला आवडते. पण तू मेलास असं मी आता कोणाला सांगत नाही. मध्यंतरी दवाखान्यात एका नव्या बाईला सांगितलं होतं, तेही दुरुस्त केलं.

मोनिकाला मी काही सांगितलेलं नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. ते माझं काम नाही. तिच्या मनात तू ज्या बाईसाठी आईला सोडलंस ती अजून जिवंत आहे, आणि तिला तूच नाहीसं करायला हवंस. खरं ऐकून ती आणखी चिडेल, कदाचित. मी चिडले होते. पण तिला कळलं पाहिजे की तिचा बाप दुसऱ्या घरी गेला नव्हता, तो हरवला होता. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती शिफ्टवर असते, त्यानंतर घरी. ओहायो सहा तास आहे, गाडीचं तेल तपासून निघ. समोर बसून सांग. मधेच थांबलास तर ती "वाच पुढे" म्हणणार नाही, ती माझ्यासारखी नाही, तेव्हा स्वतःच पुढे जा.

तिने दार उघडलं तर मला कळव. नाही उघडलं तरी कळव.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि त्या रागासकट तुझं भलं चिंतणारी,
लोरेन